मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा आणि त्याच्या घरची रीत: परिचारिकांचे नेहमीचे प्रश्न

वॉर्डात, हॉस्पिसमध्ये किंवा घरोघर जाऊन शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी हे पान आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातली रुग्णालयं डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं लिहिली आहेत. औषधांचे डोस फक्त समजण्यापुरते दिले आहेत. प्रत्यक्षात डॉक्टरांचा लेखी आदेश चालेल.

केसपेपरवर धर्म लिहिलेला असतो. तेवढ्यावर काम भागत नाही का?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गायकवाड हे आडनाव मराठा घरात आहे, बौद्ध घरात आहे आणि ख्रिस्ती घरातही आहे. ‘हिंदू’ या एका शब्दात दहन करणारेही येतात आणि पुरणारेही. लिंगायत, महानुभाव, गोसावी, नाथपंथी ही ठळक उदाहरणं. शिवाय घरातला मुलगा कर्मकांड मानणारा आणि रुग्ण स्वतः आयुष्यभर नास्तिक, असंही असतं. आडनावावरून, कुंकवावरून किंवा दाढीवरून अंदाज बांधू नका. आधी रुग्णाला विचारा, मग घरच्यांना. दोघांचं जुळलं नाही तर रुग्णाचं म्हणणं लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

विचारायचं कधी, आणि कोणत्या शब्दांत?

दाखल झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत, रुग्ण बोलता असताना. घरघर सुरू झाल्यावर विचारलं तर उत्तर रुग्णाचं राहत नाही, घाबरलेल्या पुतण्याचं होतं.

“तुमचा अंत्यविधी कसा करायचा?” असं विचारू नका. पलंगाशेजारी बसा. उभ्याने, हातात ट्रे घेऊन हे बोलणं होत नाही. मग असं म्हणा: “काका, तुमचं रोजचं काही असतं का? पूजा, नमाज, पाठ, वाचन? इथे त्यासाठी काय सोय करू?” पुढे, “अंगावरचं काही काढायचं नाही, असं आहे का?” आणि बोलणं रंगलं की, “तब्येत जास्त बिघडली तर कोण जवळ असावं असं वाटतं? इथेच राहायचं की घरी?” आजारपणात काय खायचं नाही आणि अंगाला कोणी हात लावावा (बाईनेच, पुरुषानेच), हेही याच बैठकीत विचारून घ्या.

उत्तरं नर्सिंग नोट्समध्ये पुरून ठेवू नका. फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळींत लिहा आणि ड्युटी बदलताना तोंडी सांगा. मृत्यू बहुधा अशा वेळी येतो, जेव्हा ड्युटीवरच्या सिस्टरने रुग्णाशी कधी बोललेलं नसतं.

शुद्ध नसलेल्या रुग्णाच्या तोंडात गंगाजल घालायचं म्हणतात. ठसका लागेल म्हणून नको म्हणावं का?

सरसकट नको म्हणू नका. पद्धत बदला. गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि घरच्यांच्या डोळ्यांदेखत तो गुदमरतो. ते दृश्य घरच्यांच्या मनातून जात नाही.

डोकं ३० ते ४५ अंश उचला आणि मान एका कुशीला वळवा. कापसाचा स्वच्छ बोळा गंगाजलात बुडवून पिळा आणि मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्या. त्यांनीच ओठांच्या आतून तो फिरवायचा. थेंबच हवा असेल तर तुळशीच्या पानाच्या टोकावरून दोन थेंब, गालाच्या आतल्या बाजूला. पान जिभेवर ठेवू नका, कोरड्या टाळूला चिकटून बसतं. ते ओठांवर किंवा छातीवर ठेवा. आबे जमजमसाठीही (मक्केहून आणलेलं पवित्र पाणी) हीच रीत. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत आणि रुग्णाकडे अजून काही दिवस आहेत, अशा वेळी साठवलेलं तीर्थ कपाळाला लावायला सुचवा.

“बाबांना भुईवर घ्या” असा आग्रह असतो. कसं करायचं?

खाटेवर प्राण जाऊ नये, ही भावना खोल असते. वॉर्डात जागा आणि डॉक्टरांची संमती असेल तर हे करता येतं, पण घाईत केलं तर रुग्णाचे हाल होतात. वेदना असलेल्या रुग्णाला हलवण्याआधी ठरलेला जादा डोस द्या. तोंडाने दिलात तर अर्धा तास आधी, त्वचेखालून दिलात तर १५ मिनिटं आधी.

खाली आधी पातळ गादी, त्यावर चादर, त्यावर घरच्यांची घोंगडी किंवा दर्भ. उघड्या फरशीवर नको. पाठीला जखमा असतील तर दहा मिनिटांतही त्या झोंबतात. ऑक्सिजनची नळी खालपर्यंत पुरते का, ते आधी बघा. लघवीची पिशवी रिकामी करा. जमिनीवर ती मूत्राशयाच्या खाली राहू शकत नाही आणि भरलेली असेल तर लघवी उलटी शिरते. खाटेचे ब्रेक लावा. चादरीचे चार कोपरे चौघांनी धरायचे आणि पाचव्याने फक्त डोकं सांभाळायचं. मोजणी एकानेच करायची.

आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर हे शक्य नसतं. तिथे खाट सगळ्यात खालच्या पातळीवर आणा आणि गादीखाली दर्भ किंवा गावची मूठभर माती पुडीत बांधून ठेवू द्या. नुसतं “नियमात बसत नाही” म्हणण्यापेक्षा असा पर्याय पुढे केला तर बरीच कुटुंबं तो मानतात.

दिवा, उदबत्ती, धूप?

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत नाही म्हणजे नाही. पांघरुणात आणि उशीत ऑक्सिजन साठून राहतो, त्यामुळे ठिणगी पडली तर कापड भडकतं. बॅटरीचा दिवा चालतो. वॉर्डात एक कपाटात ठेवून द्या, स्वस्त असतो. धुराने दम्याचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण कासावीस होतो, हे घरी शुश्रूषा करतानाही सांगा.

मुस्लिम रुग्णासाठी काय लक्षात ठेवायचं?

शेवटच्या तासांत तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला असावं, असं बहुतेकांना वाटतं. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवता येतं. वळवणं दुखत असेल तर उताणं ठेवून पाय पश्चिमेकडे आणि डोक्याखाली उशी, म्हणजे चेहरा तिकडे राहतो. खाट फिरवायला दोन मिनिटं लागतात. मॉनिटरच्या वायरी पुरतात का, एवढंच बघा. जवळचं कोणी कानाशी हळू आवाजात कलमा म्हणेल. ते चालू असताना बीपीचा पट्टा फुगवू नका.

मृत्यूनंतर डोळे मिटवा, जबडा बांधा, हात-पाय सरळ करा, अंग झाका आणि थांबा. गुस्ल, म्हणजे मृताची शेवटची आंघोळ, घरचे किंवा जमातीची माणसं घालतात, पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री. त्या वेळी पाणी सगळ्या त्वचेला लागावं लागतं, म्हणून चिकटपट्टीचे चिकट डाग खोबरेल तेलाने काढून ठेवा. जिथून स्राव येतो तिथली पट्टी मात्र राहू द्या आणि ती का ठेवली हे सांगा. दफन लवकर करायचं असतं, तेव्हा कागदपत्रं आधी हाती घ्या.

बौद्ध रुग्णाच्या बाबतीत कोणती चूक सर्रास होते?

मेहेरबानी म्हणून केलेली चूक. मावशी सवयीने तुळशीपत्र आणून ठेवतात, कोणीतरी गंगाजल लावतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हाच्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या किंवा ती मानणाऱ्या घरातल्या माणसाच्या ओठांवर गंगाजल लावणं हा त्याने जाणून घेतलेल्या निर्णयाचा अवमान आहे, हेतू कितीही चांगला असो. विचारा. बहुतेक ठिकाणी त्रिशरण-पंचशील म्हणायचं असतं, जवळ बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर हवी असते, बौद्धाचार्यांना किंवा भंतेजींना बोलवायचं असतं. तसबीर रुग्णाला पडल्या पडल्या दिसेल अशी, पायथ्याकडच्या भिंतीवर लावा.

फादरना कधी बोलवायचं?

आज. उद्यावर टाकू नका. कॅथलिकांमध्ये रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार जिवंत माणसासाठी असतो आणि तो धर्मगुरूच देऊ शकतात. वसईत काय किंवा गोव्यात काय, चर्चचा फोन नंबर दाखल होतानाच लिहून घ्या. रुग्णाला गिळता येत नसेल तर ते फादरना आधी सांगा, म्हणजे ते प्रसादाचा अगदी लहान कण देतील. प्रोटेस्टंट घरांत पास्टर येऊन प्रार्थना करतात, तेलाचा संस्कार बहुधा नसतो. दोघांना एक समजू नका.

लिंगायत रुग्णाचे पाय बांधू नयेत, असं का सांगतात?

मृत्यूनंतर आपण सवयीने पाय सरळ करून घोटे बांधतो. लिंगायतांमध्ये बसलेल्या स्थितीत दफन करण्याची रीत आहे, गोसावी आणि नाथपंथी समाजातही समाधी अशीच देतात. शरीराचा ताठरपणा जबड्यापासून साधारण तास-दोन तासांत सुरू होतो आणि पुढच्या काही तासांत हातापायांत उतरतो. उन्हाळ्यात तो आणखी लवकर येतो. पाय सरळ ताठरले की मांडी घालता येत नाही. मग स्मशानभूमीत नातेवाइकांना गुडघे जोर लावून दुमडावे लागतात.

म्हणून विचारा: “पाय सरळ ठेवायचे की मांडी घालायची?” मांडी घालायची असेल तर डॉक्टरांनी मृत्यू घोषित केल्यावर लगेच घरच्यांना बोलवा. पाठीमागे घड्या घातलेल्या चादरी लावा आणि पाय दुमडायला मदत करा. शवागाराचे कप्पे आडव्या शरीरासाठी असतात, हेही तेव्हाच सांगा, म्हणजे लांबून येणाऱ्या मुलासाठी थांबायचं की नाही ते कुटुंब विचार करून ठरवेल.

गळ्यातलं इष्टलिंग (लिंगायत अंगावर धारण करतात ते लहान शिवलिंग) काढू नका. एमआरआय किंवा छातीवरच्या जखमेसाठी काढावंच लागलं तर रुग्णाने किंवा घरच्यांनी काढून हातात धरावं. वारकऱ्यांची तुळशीची माळ, शिखांचा कडा आणि केस, पारशांची सुद्रे-कुस्ती (पवित्र सदरा आणि कमरेचा धागा) यांनाही हाच नियम. कात्री लावण्याआधी परवानगी, आणि काढलेली वस्तू औषधाच्या ट्रेमध्ये पडता कामा नये.

जैन रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. रात्रीची मॉर्फिन कशी द्यायची?

हा खरा अवघड प्रश्न आहे. चोविहार पाळणारा रुग्ण रात्रीची गोळी नाकारतो, पहाटेपर्यंत वेदना चढतात आणि सकाळी सगळे म्हणतात, औषध लागू पडत नाही. आधी रुग्णालाच विचारा, आजारपणात औषधाची सूट तो मानतो का. बरेच जण मानतात, काही मानत नाहीत. महाराज साहेबांशी बोलायचं असेल तर फोन जोडून द्या. न मानणाऱ्यांसाठी डॉक्टरांशी त्वचेखालच्या इंजेक्शनबद्दल किंवा फेंटानिलच्या (त्वचेवर चिकटवायच्या वेदनाशामक औषधाच्या) पट्टीबद्दल बोला. पट्टीचा पूर्ण परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून आधीचं औषध लगेच थांबवायचं नसतं. ती ७२ तासांनी बदलतात. ज्याने आधी मॉर्फिनसारखं औषध घेतलेलंच नाही, त्याला ती सुरुवातीला लावत नाहीत.

संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मृत्यूला सामोरं जाण्याचं जैन व्रत, घेण्याची इच्छा रुग्णाने बोलून दाखवली तर घाबरून पोलिसांकडे धावू नका आणि स्वतः मतही देऊ नका. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली होती आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. डॉक्टर, रुग्ण आणि कुटुंब यांची बैठक घडवून आणा आणि बोलणं नोंदवा. तोंडाची, त्वचेची आणि वेदनेची काळजी तशीच चालू राहते.

“सलाइन लावा, उपाशी मारताय का?” याला काय उत्तर?

आपल्याकडे खाऊ घालणं म्हणजेच माया, तेव्हा हा राग समजून घ्या. पण शेवटच्या दिवसांत शरीराला अन्न पचवता येत नाही. जास्तीचं सलाइन पायांत, फुप्फुसांत आणि घशात साचतं आणि घरघर वाढते. असं सांगा: “आई भुकेमुळे जात नाहीत, आजारामुळे त्यांची भूक गेली आहे.” त्यानंतर हाताला काम द्या. दर दोन तासांनी ओल्या बोळ्याने तोंड पुसणं, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावणं, गिळता येत असेल तर चमचाभर पेज. हे सुनेने-लेकीने करायचं असतं, आपण दाखवून द्यायचं.

घरघर ऐकून घरचे हादरतात. आधी कुशीवर वळवा. खोलवर सक्शन करू नका, त्याने स्राव वाढतो आणि रक्तही येतं. डॉक्टर हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड २० मिलिग्रॅम त्वचेखालून देतात. ते नवा स्राव थांबवतं, साचलेला काढत नाही, म्हणून उशिरा दिलं तर उपयोग कमी होतो.

मॉर्फिन दिलं आणि तासाभरात रुग्ण गेला. नातेवाईक आपल्याकडे बोट दाखवतात.

म्हणून पहिल्या डोसच्या आधी बोलायचं. साधी गोळी बहुधा ५ मिलिग्रॅम दर ४ तासांनी सुरू करतात. वयस्कांना २.५ ने, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर अंतरही वाढवतात. मधेच उठणाऱ्या कळेसाठी दिवसाच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग. बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासून. डोस असा वेदनेच्या मापाने वाढवला तर मॉर्फिन मृत्यू लवकर आणत नाही. कोणत्या तरी डोसनंतर मृत्यू येणारच असतो, हे कुटुंबाला आधी माहीत हवं.

काही रुग्णांना शेवटी नाम घ्यायला, कलमा म्हणायला किंवा लेकरांशी बोलायला शुद्ध हवी असते, त्यासाठी थोडं दुखणं ते सोसतात. कोणत्या वेळी जागं राहायचं ते विचारा आणि डोसच्या वेळा डॉक्टरांकडून तशा बसवून घ्या.

“आईला कॅन्सर आहे हे सांगू नका.” मग आईनेच विचारलं तर?

खोटं बोलू नका आणि एकदम सगळं ओतूही नका. “तुम्हाला काय वाटतंय, आजी?” असं विचारा. बहुधा त्यांना कळलेलं असतं आणि त्या मुलाला जपत असतात. “सगळं जाणून घ्यायचंय, की डॉक्टरांनी मुलाशी बोललेलं चालेल?” हा पुढचा प्रश्न. काही आजी खरंच म्हणतात, “त्यालाच सांगा,” आणि तोही त्यांचा हक्क आहे. मुलाला बाजूला घेऊन सांगा: “मी आपणहून सांगणार नाही, पण विचारलं तर नाकारणारही नाही.” दागिने वाटणं, एखाद्या भावाशी बोलणं सुरू करणं, कुलदैवताचा नवस फेडणं ही कामं राहून जातात ती न सांगितल्यामुळेच.

शेवटी घरी न्यायचं म्हणतात. काय तयारी करून द्यायची?

३ ते ५ दिवसांची औषधं वेळांसह मोठ्या अक्षरात मराठीत लिहून, मॉर्फिनसाठी प्रिस्क्रिप्शन, जास्तीचे डायपर आणि बोळे, कॅथेटर ठेवला असेल तर पिशवी कशी रिकामी करायची ते हाताने करून दाखवणं. रात्री दोन वाजता ज्याला फोन करायचा तो नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मृत्यूचा दाखला कोण देणार ते आधी ठरवा. रुग्णालयातल्या मृत्यूला कारणाचा नमुना ४ लागतो, घरी झालेल्या मृत्यूला ४-अ, आणि तो उपचार करणारे डॉक्टर भरतात. गावातल्या डॉक्टरांशी डिस्चार्जआधी फोनवर बोलून घ्या. तसं न केल्यास मृतदेह अंगणात ठेवून कुटुंब दाखल्यासाठी फिरत राहतं. नोंदणी २१ दिवसांत करायची असते.

मृत्यूनंतरच्या पहिल्या तासाचा क्रम काय?

डॉक्टरांनी तपासून वेळ लिहिली की पडदे ओढा आणि घरच्यांना ५-१० मिनिटं एकटं सोडा. “एक्स्पायर झाले”, “बॉडी” हे शब्द त्यांच्या कानांवर पडू देऊ नका. आजी होत्या तशा आजीच राहतात: “आजींना कुशीवर घेऊया.” मग कवळी बसवा, नंतर ती बसत नाही. डोळ्यांवर ओला बोळा, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल. नळ्या काढण्याआधी ही पोलीस केस आहे का ते विचारा. अपघात, भाजणं, विषबाधा, पडून झालेली दुखापत यांत नळ्या जागेवर ठेवायच्या असतात, शरीर शवविच्छेदनाला जातं. हे कुटुंबाला जिवंतपणीच सांगितलेलं असावं.

दागिने दोन साक्षीदारांसमोर काढा आणि नोंद करताना ‘सोन्याची’ न लिहिता ‘पिवळ्या धातूची’ असं लिहा. आपण सोनं पारखलेलं नसतं.

मंगळसूत्राबद्दल एक गोष्ट. पती गेल्यावर पत्नीला “ताई, हे काढून ठेवा” असं कोणीही म्हणू नये, आपण तर कधीच नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ज्या बाईला ते काढायचं नाही, तिच्या बाजूने तेवढा वेळ वॉर्ड उभा राहू शकतो. बांगड्या फोडण्याचा आग्रह सुरू झाला तर “इथे काच नको, रुग्णांच्या पायांना लागेल” हे साधं कारण पुष्कळदा पुरतं.

नेत्रदानाचं विचारावं का? तेव्हा विचारणं क्रूर वाटतं.

विचारावं, पण घोषणेनंतर थोडा वेळ जाऊ द्या. सहा तासांच्या आत नेत्रपटल काढावं लागतं. पापण्या मिटवा, वर ओला बोळा ठेवा, डोक्यावरचा पंखा बंद करा, उशीने डोकं उंच ठेवा. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज असेल तर घेत नाहीत, पण ठरवू द्यावं नेत्रपेढीने. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शन नेहमीसारखं होतं, हे आधी सांगा.

शेवटी कोणते उपचार नकोत याचं लेखी इच्छापत्र रुग्णाने केलं असेल तर?

ते डॉक्टरांच्या हाती द्या आणि फाइलला लावा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. उपचार थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांच्या दोन मंडळांतून जातो, सिस्टरने एकटीने काही बंद करायचं नसतं.

तीस माणसं येतात, मोठ्याने रडतात. बाकीच्या रुग्णांचं काय?

रडू द्या, पण जागा बदला. कुटुंबातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला गाठा: “दादा, दोघं-दोघं आत, बाकीचे जिन्यापाशी. क्रम तुम्ही लावा.” सिक्युरिटीने ओरडण्यापेक्षा हे लवकर जमतं. दुबईत किंवा पुण्यात अडकलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल लावून फोन रुग्णाच्या कानाशी धरा.

शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला नंतर पाच मिनिटं द्या. त्याने सगळं ऐकलेलं असतं आणि त्याचा आजार बहुधा तोच असतो. “ते गेले. शेवटी त्यांना दुखत नव्हतं,” हे खरं असेल तरच सांगा. त्याला खाट हलवून हवी असेल, आंघोळ करायची असेल, देवाचं नाव घ्यायचं असेल तर सोय करा. रिकाम्या खाटेवर लगेच नवा रुग्ण घ्यावा लागला तर निदान गादी पुसून, चादर बदलून, खिडकी उघडून मगच घ्या.